चित्र का अडकले? फोनच्या वहीत कारण लिहिलेले हवे

दसरा-दिवाळी उरकली की नेकनूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर घरेच्या घरे कुलूपबंद होतात. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. ट्रॉलीत सगळा संसार असतो. भांडीकुंडी, पाण्याचे ड्रम, अंथरूण-पांघरूण, एखादे तान्हे लेकरू. कर्ती माणसे सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांची वाट धरतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. पुढचे पाच-सहा महिने या मुलांना आई-बापाचे तोंड दिसते ते वीतभर काचेच्या पडद्यावरच.

अशाच एका घरातली हकिगत आम्ही सांगत आहोत. नाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांना ती आपल्याच घरातली वाटेल.

रात्री आठच्या सुमारास कोपीवरून सुनेचा फोन येतो. नात धावत येऊन आजीच्या मांडीवर बसते. पहिली दोन मिनिटे बरी जातात. मग आईचा चेहरा पडद्यावर थिजतो. तोंड उघडे ते उघडेच, हात वर ते वरच. आवाज मात्र चालू असतो. "जेवलीस का गं? अभ्यास केलास का?" नात पडद्यावर बोट ठेवून म्हणते, "आई, तू हल ना!" थोड्या वेळाने सून म्हणते, "आत्याबाई, फोन लई तापलाय, बॅटरी बी संपत आली." आणि बोलणे तुटते.

बाजाराच्या दिवशी आजी फोन घेऊन दुरुस्तीच्या टपरीवर गेल्या. टपरीवरच्या पोराने फोन उलटा-सुलटा करून पाहिला.

"मावशी, तिकडं रेंज नसंल. आन् हा फोन बी जुना झालाय. नवा घेऊन टाका."

"अरं बाबा, रेंज नसती तर आवाज कसा आला असता? आवाज तर लख्ख येतोय. मग चित्रच का बसतंय?"

पोराला उत्तर देता आले नाही. त्यात त्याचा दोष नाही. भल्याभल्या जाणकारांनाही या प्रश्नाचे उत्तर नुसता फोन पाहून देता येत नाही. पण प्रश्न लाखमोलाचा आहे, म्हणून आम्ही त्याच्या मुळाशी जाण्याचे ठरवले.

चित्र एवढ्या दूर जाते कसे?

फोनवर दिसणारे चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ६४० ठिपके आडवे आणि ४८० ठिपके उभे, असे साधे चित्र घेतले तरी त्यात ३ लाख ७ हजार २०० ठिपके होतात. हालचाल दिसायची तर अशी चित्रे सेकंदाला ३० पाठवावी लागतात. जसेच्या तसे पाठवायचे म्हटले तर दर सेकंदाला ११ कोटींहून अधिक बिट, म्हणजे शून्य आणि एक यांचे आकडे, पाठवावे लागतील. प्रत्यक्षात अशा बोलण्यासाठी सेकंदाला पाच ते दहा लाख बिट मिळाले तरी काम भागते. म्हणजे चित्र शंभर-दोनशे पटीने दाबून लहान करावे लागते.

हे दाबण्याचे काम जो करतो त्याला एन्कोडर म्हणतात. तो हुशारीने काम करतो. मागच्या चित्रात आणि आताच्या चित्रात काय बदलले तेवढेच तो पाठवतो. कोपीची भिंत हलली नाही, तर ती पुन्हा पाठवायची नाही; हलले ते ओठ, तेवढेच पाठवायचे. पलीकडचा फोन ते उलगडून पुन्हा पूर्ण चित्र मांडतो.

आवाजाला एवढा खटाटोप लागत नाही. सेकंदाला तीस-चाळीस हजार बिटांतही आवाज स्वच्छ जातो. त्यामुळे आजींचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. रेंज अगदीच नसती तर आवाज आला नसता, हे खरे. पण रेंज अर्धीमुर्धी असली तर आवाज पोचतो आणि चित्र अडते, हेही खरे. आणि रेंज उत्तम असतानाही चित्र अडू शकते, कारण दाबणाराच दमलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. खरे दुखणे कोणते, हे आतली नोंद पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुनेचे चित्र दाबले जाते ते सुनेच्या फोनमध्ये. आजींच्या फोनचे काम फक्त उलगडण्याचे. म्हणजे दुखणे बहुधा कारखान्यावरच्या कोपीत, आणि औषधपाणी चालले होते नेकनूरच्या बाजारात. नवा फोन आजींनी घेतला असता तरी सुनेचे चित्र तसेच थिजले असते.

यंत्र आणि कोयता

फोनमध्ये चित्र दाबणारे दोन प्रकारचे असतात. आपल्या माणसांना समजेल असा दाखला देतो.

अलीकडे उसाच्या फडात तोडणीचे मोठे यंत्र येते, ज्याला सगळे हार्वेस्टर म्हणतात. ते झपाट्याने काम करते, पण त्याला रान सपाट, मोठे आणि सरीचे अंतर ठरावीक लागते. ओल्या रानात ते रुतते, लहान तुकड्यात वळत नाही. मग तिथे कोयताच न्यावा लागतो. कोयता कुठल्याही रानात चालतो, पण माणसाचा घाम निघतो.

फोनचेही तसेच आहे. फोनच्या चिपमध्ये चित्र दाबण्यासाठीच घडवलेला एक भाग असतो. त्याला हार्डवेअर एन्कोडर म्हणतात. तो वेगवान असतो आणि बॅटरी कमी खातो. हा आपला हार्वेस्टर. दुसरा सॉफ्टवेअर एन्कोडर. तो म्हणजे नुसता कार्यक्रम, जो फोनच्या मुख्य मेंदूकडून सगळी बेरीज-वजाबाकी करून घेतो. तो बहुतेक कोणत्याही आकाराचे चित्र दाबतो, पण फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, आणि फोन स्वस्तातला असला तर सेकंदाला तीस चित्रे काही पुरी होत नाहीत. हा आपला कोयता.

यंत्राने काम नाकारले की ते गुपचूप कोयत्याकडे देण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. इंग्रजीत तिला फॉलबॅक म्हणतात. आपण तिला बदली म्हणू. ही सोय चांगलीच आहे. ती नसती तर चित्र पूर्ण बंद पडले असते. तक्रार बदलीबद्दल नाही. बदली का झाली हे कोणी नीट लिहून ठेवत नाही, ही तक्रार आहे.

यंत्र काम का नाकारते?

कारणे अनेक असतात. त्यातली चार सांगतो.

पहिले कारण मापाचे. अनेक चिपा चित्र १६ ठिपक्यांच्या चौकोनांत कापून घेतात, म्हणून आडवी-उभी बाजू १६ ने भागली जाणारी असली तर त्यांना सोयीचे पडते. ६४० ला १६ ने भाग जातो, ४८० लाही जातो. आता कोपीवर रेंज थोडी घसरली, म्हणून सॉफ्टवेअरने चित्र पाऊणपट केले. ते झाले ४८० आडवे, ३६० उभे. ३६० ला १६ ने भाग जात नाही. इथे एखादी चिप हात वर करते. म्हणजे सुरुवात रेंजने झाली, पण फोन तापला तो यंत्राच्या नकाराने.

दुसरे कारण गर्दीचे. चिपमधला तो भाग एका वेळी मोजकीच कामे घेतो. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने तो अडवून ठेवला असेल तर आपल्याला नकार मिळतो.

तिसरे कारण चिप चालवणाऱ्या प्रणालीतली चूक. एखाद्या कंपनीच्या एखाद्या मॉडेलमध्ये चिप सुरू होते, शे-दोनशे चित्रे दाबते आणि मग गप्प बसते. अशी चूक अपडेट देऊन दुरुस्त होऊ शकते, पण आधी ती सापडली पाहिजे.

चौथे कारण मुद्दाम केलेल्या निवडीचे. अगदी लहान चित्र काही चिपा वाईट दाबतात, म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच ठरवून ते काम कोयत्याकडे देते. हा बिघाड नव्हे. पण नोंद नसेल तर तोही बिघाडच वाटतो.

नुसता 'खाडा' लिहून काय कळते?

आता मुद्द्यावर येऊ. फोनमधले प्रत्येक सॉफ्टवेअर चालता चालता एक वही लिहीत असते. संगणकवाले तिला लॉग म्हणतात. किती वाजता काय घडले, याच्या ओळी त्यात एकाखाली एक पडतात. बिघाड झाला की अभियंते तीच वही उघडून बघतात.

मुकादमाची वही आपल्या लोकांना ठाऊक आहे. एखाद्या दिवशी कोयता फडात गेला नाही की तिथे 'खाडा' पडतो. बाईला ताप होता, लेकरू आजारी होते की गावाकडे मयत झाली होती, ते वहीत नसते. हंगामाच्या शेवटी उचलीचा हिशेब होतो तेव्हा कारण कोणी विचारत नाही. खाडे मोजले जातात आणि पैसे कापले जातात. ज्याच्या हातात वही नाही, त्याच्याच अंगावर दोष येतो.

व्हिडिओ बोलण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक खुली प्रणाली आहे. तिचे नाव वेबआरटीसी. गूगलने ती २०११ मध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. गूगल मीटसारख्या सेवा तिच्यावर चालतात आणि बहुतेक ब्राउझरमध्ये तिची सोय असते. या प्रणालीत चिपकडचा एन्कोडर काम नाकारतो तेव्हा वरच्या थराला एक आकडा कळवतो. तो आकडा आहे उणे १३. त्याचा अर्थ, "हे काम सॉफ्टवेअरकडे द्या." बस, एवढेच. माप बसले नाही, चिप अडकली होती की मध्येच बंद पडली, हे त्या आकड्यात नसते. वरच्या थराने प्रामाणिकपणे लिहायचे ठरवले तरी तो काय लिहिणार? मुकादमाला "आली नाही" एवढाच निरोप मिळाला तर तो खाडाच लिहील.

म्हणून नोंद सुधारायची तर पहिला नियम असा, की कारण ज्याला माहीत आहे त्यानेच ते जागच्या जागी लिहावे, आणि वर निरोप देताना कारणासह द्यावा. खालच्या थराने गिळलेले कारण वरच्या थराला कधीच सापडत नाही.

चांगली नोंद कशी असते?

वाईट नोंदीचा नमुना असा: "एन्कोडर चालला नाही. सॉफ्टवेअरवर गेलो."

चांगल्या नोंदीचा नमुना आम्ही मराठीत मांडून दाखवतो: "रात्री ८ वाजून ४ मिनिटे १२ सेकंद. चिपचा व्हीपी८ एन्कोडर. ३,६१२ वे चित्र. आकार ६४०×४८० वरून ४८०×३६० केला. पुन्हा जुळवताना चिपचा नकार, उंची १६ ने भागली जात नाही. काम सॉफ्टवेअरकडे दिले, सुरू झाले. या कॉलमधील पहिली बदली."

या ओळीत कोण, कधी, काय करताना, का, आणि पुढे काय झाले, ही सगळी उत्तरे आहेत. सुरुवातीलाच नकार मिळाला की मध्येच बंद पडले, हेही कळते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. सुरुवातीचा नकार बहुधा मापाचा किंवा गर्दीचा, आणि मध्येच बंद पडणे बहुधा चिपच्या प्रणालीतल्या चुकीचे लक्षण. डॉक्टरही आधी हेच विचारतात, की दुखणे जन्मापासूनचे की परवापासूनचे?

पुढे यंत्र पुन्हा कामावर आले का, कधी आले, तेही लिहायला हवे. आणि कोयताही हजर नसेल तर ते ठळक लिहायला हवे. तसे घडते. एच.२६४ या पद्धतीसाठी फोनवरच्या काही बांधणींत सॉफ्टवेअर एन्कोडर घातलेलाच नसतो. तिथे यंत्र अडले तर त्या पद्धतीत बदली कामगारच नाही. "बदली झाली" आणि "बदलीला कोणीच नव्हते" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र वही भरमसाट लिहूनही उपयोग नाही. सेकंदाला तीस चित्रे, आणि प्रत्येक चित्रामागे "नकार, नकार" अशी ओळ पडली, तर मिनिटाला १,८०० ओळी होतात. फोनमधल्या वहीला जागा मर्यादित असते. ती भरली की जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. खरे कारण लिहिलेली पहिली ओळच त्यात वाहून जाते. म्हणून एका बदलीला एक पूर्ण ओळ, आणि पुढे नुसती मोजणी, हेच शहाणपणाचे.

आणखी एक पथ्य. या वहीत माणसाचे खासगी काही येता कामा नये. चेहरा नको, बोलणे नको, कोणाला फोन लावला तो नंबर नको. चिपचे नाव, माप, वेळ आणि कारण एवढे पुरे. दुखणे शोधायला नाडी तपासावी लागते, घराची झडती घ्यावी लागत नाही.

यात गरिबाचे काय अडले आहे?

कोणी म्हणेल, हे मोठ्या कंपन्यांतल्या अभियंत्यांचे काम, आपल्या घरी त्याची चर्चा कशाला? आम्ही म्हणतो, आपल्याच घरी आधी हवी. महागड्या फोनचा मेंदू तगडा असतो. तिथे बदली झाली तरी मालकाला पत्ताही लागत नाही. जुन्या, स्वस्त फोनवर मात्र तीच बदली चटका देते. शिवाय कोपीत विजेचे बटण नसते. बॅटरी संपली की ती भरून आणायला कोणाच्या तरी दारात जावे लागते. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईचे लेकराशी बोलणे त्या बॅटरीबरोबर संपते.

आणि नोंद नसली की सल्ला ठरलेला. "रेंज नाही" किंवा "नवा फोन घ्या." नवा फोन म्हणजे अनेकदा उचलीत आणखी भर, म्हणजे पुढच्या हंगामाचा घाम आजच गहाण. एका न लिहिलेल्या ओळीची किंमत अशी कोणाच्या तरी घरात मोजली जाते.

गोष्ट फक्त गप्पांची राहिलेली नाही. केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलण्याची सोय झाली. टाळेबंदीत मुलांच्या शाळा फोनवर भरल्या. नोकरीच्या मुलाखती पडद्यावर होतात. डॉक्टरांना लेकराच्या अंगावरचे पुरळ दाखवताना चित्र थिजले, मुलाखतीत मुलीचा चेहरा अडकला, तर दोष तिच्या माथी येऊ नये. दोष कुठे आहे ते लिहिलेले असले पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

घरच्या घरी एवढे करून पाहावे. चित्र अडकले तर कोणाचे अडकले ते आधी बघावे. ज्याचे चित्र अडते, तपासणी त्याच्या फोनची करावी. त्याच जागेवरून, त्याच सिमने दुसऱ्या फोनवर बोलून पाहावे. तिथे चित्र नीट चालले तर शंका फोनवर घ्यावी, तिथेही अडले तर रेंजवर. फोन तापतो का, बॅटरी नेहमीपेक्षा भराभर उतरते का, हे लक्षात ठेवावे. बाकीची अ‍ॅप बंद करून फोन एकदा बंद-चालू करावा आणि अपडेट आले असेल तर घ्यावे. अ‍ॅपमध्ये 'समस्या कळवा' अशी सोय असेल तर फोनचे मॉडेल, तारीख, वेळ आणि काय दिसले ते चार ओळींत लिहून पाठवावे. हे सगळे होईपर्यंत नव्या फोनसाठी कर्ज काढू नये.

संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनी आणखी पुढे जावे. संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचे एक पान आहे. व्हिडिओ बोलणे चालू असताना ते उघडले तर चित्र कोणता एन्कोडर दाबतो आहे याचे नाव तिथे दिसते. चित्राचा दर्जा कशामुळे उतरला त्याचे कारणही एका शब्दात दिसते. एक शब्द मेंदूवरच्या भारासाठी आहे, दुसरा नेटच्या तुटवड्यासाठी. आजींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सुरुवात जगात कोणीतरी केलेली आहे. आता ते उत्तर सविस्तर आणि कारणासह मिळायला हवे.

वेबआरटीसी खुली आहे, म्हणजे तिचे लिखाण कोणालाही वाचता येते आणि नियमाप्रमाणे त्यात सुधारणा सुचवता येते. एखादी नोंद अधिक स्पष्ट करणे हे त्यातले लहान काम. पुण्या-मुंबईत कंपनीत लागलेली, बीड-अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकणारी आपली मुले ते करू शकतात. काट्यावरची पावती न घेता गाडी हलवू नये, हे त्यांनी आई-बापाकडून ऐकलेले असते. खाड्यापुढे कारण लिहिलेले नसले की काय होते, तेही त्यांनी घरात पाहिलेले असते. कोणत्या ओळीची कुठे गरज आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

आजींकडे आम्ही परत गेलो आणि हे सगळे साध्या शब्दांत सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी खोट सुनंच्या फोनात असंल, आन् मी माझाच बदलाया निघाले व्हते." त्या रात्री त्यांनी सुनेला बाकीची अ‍ॅप बंद करून, फोन बंद-चालू करून पुन्हा लावायला सांगितले. चित्र किती वेळ टिकले, ते नातीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे. तारीख, वेळ आणि मिनिटे. पुढे कारणाचा रकाना तिने मोकळा ठेवला आहे.